बाळ चेहरा कसं वाचतं? लेकुरवाळ्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गावांत बाळंतिणीच्या खोलीत, अंगणवाडीत आणि लसीकरणाच्या दिवशी जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते इथे घेतले आहेत. काही प्रश्न बोलीत विचारले जातात तसेच ठेवले आहेत. सगळी माहिती जन्मापासून साधारण तीन वर्षांपर्यंतच्या लेकरांची आहे.

नुकतंच जन्मलेलं लेकरू, त्याले आपला चेहरा दिसते का?

दिसतो, पण धूसर. पहिल्या महिन्यात बाळाची नजर २० ते ३० सेंटिमीटरवर त्यातल्या त्यात बरी ठरते, म्हणजे एक वीत ते फार तर दीड वीत. अंगावर पाजताना मायचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. त्यापलीकडे, पाळण्यावर टांगलेल्या कापडी चिमण्या असोत की दारात उभा असलेला मामा, त्याला नुसते आकार दिसतात. बारीक रेषा कळत नाहीत. गडद आणि फिकं जिथे भिडतं ती जागा कळते. म्हणून त्याची नजर कपाळावरची केसांची कड, हनुवटीची कड अशा ठिकाणी अडकते.

चेहऱ्याची ओढ मात्र उपजत असते. जन्मानंतर काही मिनिटांतच चेहऱ्यासारखी मांडणी असलेलं चित्र डोळ्यांपुढे हलवलं, तर बाळ त्याच्यामागे जास्त वळतं. तेच डोळे, नाक, तोंड विस्कटून मांडले तर कमी. पाच दिवसांच्या आतलं बाळसुद्धा नजर वळवलेल्या चेहऱ्यापेक्षा सरळ आपल्याकडे पाहणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहतं. हसू, राग, भेव यांतलं त्याला अजून काहीच कळत नसतं. पण कुठे पाहायचं हे त्याला ठाऊक असतं, आणि पुढचं सगळं शिकणं त्यावरच उभं राहतं.

आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीची खोली अंधारीच ठेवतात. त्यानं काही होते का?

बाळाला ऊब लागते, अंधार लागत नाही. थंडी-वारा येऊ नये म्हणून खिडकी लावली की उजेडही जातो, आणि मग अंधारच गरजेचा आहे असं घर धरून चालतं. वाऱ्याच्या बाजूची खिडकी लावा, दुसरी उघडी ठेवा. दुसरी नसेल तर दिवसा बल्ब लावा. ऊन थेट डोळ्यांवर येऊ नये, एवढंच पाहायचं.

बाळाला घेऊन बसताना उजेड तुमच्या तोंडावर पडला पाहिजे. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं: माय हवेसाठी दाराकडे पाठ करून बसते, आणि बाळाला दिसते ती काळी आकृती. जागा बदलायला पैसा लागत नाही. भिंतीकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून बसलं की काम झालं.

शेकाबद्दल एक सांगायलाच हवं. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपू नका. धूर दिसत नसला तरी कोळशाचा विषारी वायू खोलीत कोंडतो.

माय डोक्यावर पदर घेते, शेतातून येताना दुपट्टा बांधून येते. लेकरू तिले ओळखते का?

पहिल्या आठवड्यात बाळ मायला ओळखतं ते बरंचसं चेहऱ्याच्या बाहेरच्या कडेवरून, आवाजावरून आणि वासावरून. १९९५ साली ऑलिव्हिए पास्कालिस आणि सहकाऱ्यांनी चार दिवसांच्या बाळांसमोर त्यांची माय आणि एक परकी बाई बसवली. बाळं मायकडे जास्त वेळ पाहत होती. दोघींच्या केसांवर रुमाल बांधल्यावर तो फरक गेला. डोळे-नाक-तोंड यांच्या ठेवणीवरून ओळखणं नंतर येतं.

याचा अर्थ पदर सोडा असा नाही. उन्हाचा दुपट्टा तोंडावर बांधलेला असेल तर बाळाला उचलण्याआधी सोडा, हात-तोंड धुवा, आणि दारातूनच आवाज द्या: "आली रे आली, माय आली." मायचा आवाज बाळाने पोटात असतानाच ऐकलेला असतो. १९८० साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी दाखवलं, की तीन दिवसांच्या आतली बाळं मायचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. आवाज आधी पोचला की बदललेला चेहराही बाळ लवकर पचवतं.

झोपेत हासते. सटी हासवते म्हणतात, ते खरं काय?

झोपेतलं ते हसू मेंदूच्या आतल्या हालचालीतून येतं. डोळ्यांची बुबुळं पापण्यांखाली भरभर हलणारी जी हलकी झोप असते, तिच्यात ते जास्त दिसतं. कुणाला उद्देशून ते नसतं. आजीला सटवाईचं नाव घ्यायचं असेल तर घेऊ द्या, बाळाचं त्यात काही बिघडत नाही.

मग खरं हसू कवा येते?

६ ते ८ आठवड्यांच्या सुमारास. ओळखण्याच्या खुणा तीन: बाळ पूर्ण जागं असतं, हसण्याआधी तुमच्या चेहऱ्यावर नजर स्थिर करतं, आणि हसताना फक्त ओठ नाही तर गाल वर जातात, डोळे बारीक होतात. याच सुमारास नजरेची जागाही बदलते. पहिल्या महिन्यात चेहऱ्याच्या कडेवर फिरणारी नजर सात-आठ आठवड्यांनंतर तुमच्या डोळ्यांत येऊन थांबते. "आता पोट्टं वळखते" असं बायका म्हणतात ते या दिवसांत, आणि ते बरोबर असतं.

तीन महिने पूर्ण होऊनही असं हसू आलं नाही तर दाखवा. मात्र दिवस मोजताना घोळ करू नका. बाळ जितके आठवडे लवकर जन्मलं, तितके त्याच्या वयातून वजा करायचे. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. ३२ आठवड्यांत जन्मलं तर ८ आठवडे वजा. जन्मून चार महिने झालेलं असं बाळ प्रत्यक्षात दोन महिन्यांचंच धरायचं. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब चालतो. कमी दिवसांच्या बाळाबद्दल घरी जी विनाकारण धास्ती असते, तिच्यातली बरीचशी या एका वजाबाकीने जाते.

कोणत्या महिन्यात काय कळायला लागतं?

महिने काटेकोर नसतात, पुढेमागे होतं. क्रम मात्र बहुतेक असाच.

दोन-तीन महिन्यांचं बाळ देवाणघेवाण शिकतं. तुम्ही हसलात की ते हसतं, तुम्ही थांबलात की ते "आं" करून तुम्हाला पुन्हा बोलावतं. तुमच्या हसण्याचा अर्थ त्याला कळतो असं नाही. आपण काही केलं की समोरचा चेहरा बदलतो, हे कळतं.

साडेतीन महिन्यांच्या आसपास आवाज आणि चेहरा यांची सांगड बसू लागते, पण आधी घरच्या माणसांपुरती. मायचा आनंदी आवाज लावला की बाळ तिच्या आनंदी चेहऱ्याच्या चित्रफितीकडे पाहतं. परक्या बाईच्या बाबतीत त्याच वयात ते जमत नाही. पाच ते सात महिन्यांत परक्यांचंही जमू लागतं. म्हणजे भाव वाचणं हे आधी एका ओळखीच्या चेहऱ्यावर पक्कं होतं, मग जगावर लागू होतं. पहिल्या वर्षात रोज भेटणारी दोन-चार माणसं कायम असणं का मोलाचं, ते इथे दिसतं.

सातव्या महिन्यात भेदरलेला चेहरा बाळाचं लक्ष धरून ठेवतो. पाच महिन्यांचं बाळ हसऱ्या आणि भेदरलेल्या चेहऱ्यात फारशी आवडनिवड दाखवत नाही. सात महिन्यांचं भेदरलेल्या चेहऱ्यावरून नजर लवकर हलवत नाही. रांगायचे दिवस जवळ आले असताना ही जाण यावी, हे सोयीचंच आहे.

आठ महिन्यांच्या सुमारास बाळ बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जास्त पाहू लागतं, कारण त्याला आता बोलणं उचलायचं असतं. वर्षाच्या आसपास, आपल्या घरची भाषा असेल तर, नजर पुन्हा डोळ्यांकडे वळते. घरात गोंडी नाहीतर कोरकू आणि सोबत वऱ्हाडी अशा दोन भाषा चालत असतील तर चालू द्या. भाव ओळखण्यात त्याची अडचण होत नाही.

नऊ ते बारा महिन्यांत मोठी उडी येते. बाळ तुमचा भाव आणि ज्या वस्तूकडे तुम्ही पाहता ती वस्तू यांचा संबंध जोडतं. याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

दीड वर्षाचं लेकरू समजतं, की समोरच्याची आवड माझ्यापेक्षा वेगळी असू शकते. बेट्टी रेपाकोली आणि ॲलिसन गोपनिक यांनी १९९७ साली लेकरांसमोर बिस्किटं आणि कच्ची ब्रोकोली (फुलकोबीसारखी हिरवी भाजी) ठेवली. प्रयोग करणाऱ्या बाईने ब्रोकोली खाऊन खूश झाल्याचा आणि बिस्किट खाऊन तोंड वाकडं करण्याचा आविर्भाव केला, मग हात पुढे केला. चौदा महिन्यांच्या लेकरांनी तिला स्वतःच्या आवडीची बिस्किटं दिली. अठरा महिन्यांच्यांनी ब्रोकोली दिली.

भावांची नावं यायला दोन वर्षं ओलांडावी लागतात. आधी आनंद, मग राग आणि दुःख, भीती आणि आश्चर्य त्याहून उशिरा. तीन वर्षांचं लेकरू भेदरलेल्या चेहऱ्याला "रागावला" म्हणालं तर ते चुकत नाहीये, त्याच्या वयाचंच ते उत्तर आहे.

बोलता न येणाऱ्या बाळाला काय कळतं, हे शास्त्रज्ञ ठरवतात कसं?

मुख्यतः नजरेवरून. रॉबर्ट फँट्झ यांनी १९६० च्या सुमारास ही पद्धत रुळवली: दोन चित्रं शेजारी ठेवायची आणि बाळ कशाकडे किती सेकंद पाहतं ते मोजायचं. दुसरी युक्ती कंटाळ्याची. एकच हसरा चेहरा पुन्हा पुन्हा दाखवला की बाळ पाहणं कमी करतं; मग रागीट चेहरा दाखवला आणि ते पुन्हा टक लावून पाहू लागलं, तर दोन्हींतला फरक त्याला दिसला. फरक दिसणं आणि अर्थ कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाईलवर फिरणारे "दोन महिन्यांच्या बाळाला सगळं कळतं" छापाचे दावे हीच गल्लत करतात.

काही निष्कर्ष पुढे डळमळतातही. जन्मलेलं बाळ मोठ्यांची नक्कल करून जीभ बाहेर काढतं, हे १९७७ मध्ये गाजलं. २०१६ च्या शंभरावर बाळांच्या अभ्यासात त्याला आधार मिळाला नाही. तुमच्या बाळाने जीभ काढली नाही म्हणून काही अडत नाही.

घरी रोज नेमकं काय करायचं?

वेगळा तास काढायचा नाही. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-तीन मिनिटं.

वेळ निवडा. पोट भरलेलं, लंगोट कोरडं, डोळे उघडे आणि हातपाय शांत, अशी बाळाची एक अवस्था असते. लहान बाळात ती दिवसातून थोडाच वेळ येते. भूक लागलेल्या किंवा झोपेला आलेल्या बाळाशी हा खेळ लावला तर दोघंही वैतागतात.

बसा. पाठ भिंतीला, गुडघे वर, आणि बाळ मांड्यांच्या उतारावर तुमच्याकडे तोंड करून. मानेखाली एक हात. तुमच्या आणि त्याच्या चेहऱ्यात एक-दीड वीत अंतर. उजेड तुमच्या तोंडावर.

एक भाव, एक आवाज. भुवया वर करून "अगं बाई!" म्हणा आणि थांबा. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. इथेच बहुतेक जण चुकतात. लहान बाळाला उत्तर द्यायला काही सेकंद लागतात. ते ओठ हलवायच्या बेतात असतं तेवढ्यात आपण दुसरं काही करतो, टिचकी वाजवतो, खुळखुळा हलवतो. मग त्याचं उत्तर आतच राहतं.

त्याने जे केलं ते परत करा. त्याने "गूं" केलं, तुम्ही "गूं" करा. ते कण्हलं, तर तुमच्याही चेहऱ्यावर क्षणभर काळजी येऊ द्या आणि मग आवाज मऊ करा. आपला भाव कसा दिसतो हे बाळाला आरशात नाही, तुमच्या तोंडावर दिसतं.

त्याने मान वळवली, जांभई दिली, बोटं फाकवली, उचकी लागली, तर त्याला विश्रांती हवी आहे. त्याच्या नजरेच्या मागे मागे तोंड नेऊ नका. गप्प राहा, पुन्हा पाहिलं तर पुन्हा सुरू. नाही पाहिलं तर संपलं. नजर वळवणं हा बाळाकडे स्वतःला सावरण्याचा जवळपास एकमेव उपाय असतो. तो हिसकावला की रडणंच उरतं.

तेल लावताना, न्हाऊ घालताना हे आपोआप साधतं. न्हाणीत चार बायका एकदम बोलत असतील तर मात्र बाळ कुणाच्याच चेहऱ्यावर ठरत नाही. एकीने बोलावं, बाकीच्यांनी पाणी द्यावं.

हाती मोबाईल घेऊन पाजलं तर काय बिघडलं?

एड ट्रॉनिक यांचा १९७८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याच्याजवळचा आहे. माय आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग काही मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवून नुसती पाहत बसते. बाळ आधी हसून पाहतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच परत येत नाही म्हटल्यावर मान फिरवतं, अंग सैल सोडतं किंवा रडतं. स्क्रीन पाहणाऱ्या माणसाचा चेहरा असाच कोरा असतो, आणि मधेच रील पाहून येणारं हसू बाळाने काही केलं म्हणून आलेलं नसतं.

रात्री तीन वाजता पाजताना डोळा लागू नये म्हणून कुणी फोन पाहिला तर त्याने बाळाचं नुकसान होत नाही. दिवसाच्या जागेपणी, बाळ तुमच्याकडे पाहत असताना, तो खाली ठेवा.

बाळाच्या हाती स्क्रीन देण्याबद्दल सल्ला स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेत एक वर्षाआतल्या बाळाला शून्य स्क्रीन सांगितली आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांपर्यंत नको म्हणते. अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलचा. बाप पुण्याला कंपनीत असेल तर तो कॉल जरूर लावा, कारण तिथला चेहरा बाळाला उत्तर देतो. कार्टूनमधला देत नाही.

माय कापूस वेचायला जाते, दिवसभर बुढी आजी नाहीतर सहा वर्षांची बहीण पाहते. चालते काय?

आजी, आबाजी चालतातच. बाळ एकाहून अधिक माणसांशी जोडलं जातं. दात नसलेलं, सुरकुत्यांचं तोंड त्याला अडचणीचं वाटत नाही. ते तोंड उत्तर देतं की नाही एवढंच बाळ पाहतं. आजीला कमी दिसत असेल किंवा ती झोळी हलवत दुसरीकडेच पाहत असेल, तर तिला दोनच गोष्टी सांगा: जागं असलं की झोळीतून काढून मांडीवर घ्या, आणि बोलताना त्याच्याकडे पाहा. खोल झोळीत बाळाला कापड आणि वरचे वासे दिसतात.

सहा वर्षांची बहीण खेळायला उत्तम, सांभाळायला नाही. ती हसवते मस्त, पण बाळ थकल्याच्या खुणा तिला कळत नाहीत, आणि चूल, हौद, विहीर यांचं भान तिच्या वयाला पेलत नाही.

संध्याकाळी माय परतल्यावर पहिली पाच मिनिटं चूल पेटवण्याआधी बाळाला द्या. आल्या-आल्या बाळ तोंड फिरवतं, रुसतं. दिवसभराची गैरहजेरी ते असं दाखवतं. दोन मिनिटं बोलत राहिलं की वळतं.

म्हणजे मायनं सतत हसतमुख राहायचं?

नाही, आणि ते शक्यही नसतं. ट्रॉनिक यांच्या निरीक्षणात, नीट चाललेल्या माय-बाळाच्या जोड्याही साधारण ३० टक्केच वेळ एकमेकांशी जुळलेल्या असतात. बाकीचा वेळ चुकामूक, आणि मग पुन्हा जुळवाजुळव. बाळ त्या जुळवाजुळवीतूनच जास्त शिकतं. वैतागलात तर चेहऱ्यावर वैताग दिसू द्या. आतून राग आणि वरून ओढून आणलेलं हसू अशी भेसळ मात्र नको. चेहरा एक सांगतो आणि आवाज दुसरं, त्यात बाळ गोंधळतं.

बाळंतपण झाल्यापासून तिचं मनच लागत नाही. लेकराकडं पाहतबी नाही.

हे नखरे नाहीत, आळस नाही, आणि बाहेरचंही काही नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे. भारतातल्या अभ्यासांच्या २०१७ मधल्या एकत्रित आढाव्यात हे प्रमाण २२ टक्के, म्हणजे पाचातल्या एकीला, असं आलं. पहिल्या आठवड्यात रडू येणं बहुतेकींना होतं आणि ओसरतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, झोप न लागणं, भूक नसणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा किंवा १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदत) क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे. जीव देण्याचं किंवा बाळाला इजा करण्याचं बोलत असेल तर तिला एकटीला ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

उपचार सुरू असताना बाळाच्या वाट्याला एक तरी उत्तर देणारा चेहरा यावा म्हणून आजी, मावशी, बाप यांच्यापैकी कुणीतरी रोज ठरावीक वेळ घ्यावा. "लेकराकडं पाय, हास" असं बाळंतिणीला सारखं बजावल्याने तिची अपराधी भावना तेवढी वाढते.

घरात भांडणं होतात, पण लेकरू झोपलेलं असते. त्याले काय समजते?

झोपेतही आवाज पोचतो. ॲलिस ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ६ ते १२ महिन्यांच्या झोपलेल्या बाळांना मेंदूच्या स्कॅनमध्ये अर्थहीन वाक्यं वेगवेगळ्या सुरांत ऐकवली. ज्या घरांत नवरा-बायकोची भांडणं जास्त होती, तिथल्या बाळांचा मेंदू रागीट सुराला जास्त प्रतिसाद देत होता. मारहाण सोसलेली थोडी मोठी मुलं चेहऱ्यावरचा राग इतरांपेक्षा लवकर, अगदी पुसट असतानाच ओळखतात. दिसायला हे कौशल्य आहे, पण अशा मुलाला राग नसतो तिथेही राग दिसू लागतो.

रोजची कुरबुर वेगळी आणि दारू पिऊन आरडाओरड वेगळी. कुरबुरीनंतर बाळासमोरच आवाज खाली आणून बोललात तरी पुरे. मारहाण असेल तर महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

आठ महिन्यांचं झालं आन् आता आबाजीले पाहूनच रडते. कोणाची दीठ लागली का?

दीठ नाही, अक्कल आली. ओळखीचे चेहरे मनात पक्के झाले की अनोळखी चेहरा वेगळा दिसतो; आठ-नऊ महिन्यांत हे जोरात असतं. आबाजी दुसऱ्या गावी राहत असतील तर त्यांचा मान म्हणून बाळ लगेच त्यांच्या हाती कोंबू नका. ते आधी मायशी हसत बोलोत, बाळाकडे सरळ रोखून न पाहता शेजारी बसोत. बाळ मायचा चेहरा पाहून ठरवतं की हा माणूस बरा आहे. दहा-पंधरा मिनिटांनी ते स्वतःच त्यांच्या बंडीची गुंडी ओढायला जातं.

बापाने अचानक मिशी काढली, घरात मयत झाल्यावर मुंडण केलं, पोळ्याला तोंड गुलालाने माखलं, तेव्हाही असंच होतं. आधी आवाज, मग चेहरा, हाच उपाय.

पडलं की आधी आपल्याकडं पाहते, मंग रडते. नाटक करते का?

विचारतं. "हे किती वाईट झालं?" हा त्याचा प्रश्न असतो आणि उत्तर तुमच्या तोंडावर शोधतं. १९८५ साली जेम्स सोर्स आणि सहकाऱ्यांनी वर्षाच्या बाळांना जाड काचेवर ठेवलं. पुढे काचेखाली ३० सेंटिमीटर खोल भासेल असा भाग होता. पलीकडे माय उभी. तिने आनंदी चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. तिने भेदरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. पुढच्या एका अभ्यासात नुसत्या चेहऱ्यापेक्षा आवाजाचा परिणाम जास्त दिसला.

घरी याचा वापर असा. साधं पडलं तर "उठ बरं" असा साधा चेहरा ठेवा. चूल, विळा, बैलाचे मागचे पाय, तुऱ्हाट्यांच्या ढिगातला विंचू अशा खऱ्या धोक्याला चेहरा आणि आवाज दोन्ही एकदम भेदरलेले हवेत, आणि नजर त्या वस्तूकडे. "नको रे सोन्या" असं हसत हसत म्हटलं की बाळ हसणं घेतं, नको सोडून देतं. मग तेच खेळ समजून पुन्हा करतं आणि मार खातं.

जेवत नाही म्हणून "पोलीस आला, सुईवाला आला" असा घाबरा चेहरा रोज केला तर खऱ्या धोक्यासाठी राखून ठेवायचा भाव वाया जातो. शिवाय लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईला पाहूनच ते किंचाळतं.

काजळ घातल्यानं नजर चांगली होते का?

नाही. काजळ-सुरम्यात शिसं असू शकतं, आणि घाणेरड्या बोटाने डोळा येतो. तीट लावायचीच तर तळपायाला लावा.

भावांचे तक्ते, फ्लॅशकार्ड आणू का?

दोन वर्षांच्या आत त्याचा उपयोग नाही. कागदावरचा चेहरा उत्तर देत नाही आणि तो का रडतोय हे बाळाला कळत नाही. घटना, चेहरा आणि शब्द एकाच वेळी आले की भाव शिकला जातो: "वासरू मायपासून तुटलं, हंबरते पाय, त्याले मायची आठवण आली." दोन-अडीच वर्षांनंतर अशी वाक्यं दिवसातून पाच-सात वेळा सहज होतात.

कधी दाखवायचं, कुठे, आणि सोबत काय न्यायचं?

बुबुळात पांढरी झाक दिसली तर वाट पाहू नका. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या ६ ते ८ आठवड्यांत झाली तर नजर सर्वांत चांगली वाचते. उशीर झाला तर पुढे दृष्टी आली तरी चेहऱ्यांतले बारीक फरक ओळखण्यात कायमची उणीव राहू शकते, असं अशा मुलांच्या अभ्यासांत दिसलं आहे. चार महिन्यांनंतरही डोळा तिरळा राहत असेल तर दाखवा. "तिरळेपणा म्हणजे भाग्य" यावर विसंबू नका.

तीन महिन्यांत समोर पाहून हसू नाही. सहा महिन्यांत खुलून हसणं नाही. नऊ महिन्यांत हसण्या-आवाजाची देवाणघेवाण नाही. बारा महिन्यांत नावाला वळणं, बोट दाखवणं, बडबड नाही. किंवा कोणत्याही वयात आलेली गोष्ट गेली, तर दाखवा. यातली एखादी खूण म्हणजे ऑटिझमच (स्वमग्नता) असं नाही. कान तपासल्याशिवाय काहीच ठरवू नये; ऐकू न येणारं बाळही हाकेला वळत नाही.

सुरुवात आशाताईपासून करा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. (घरी जाऊन नवजात बाळ पाहण्याची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतच 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले.) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं; तारीख अंगणवाडी ताईंना विचारा. ते पथक जिल्ह्याच्या डीईआयसी (लवकर निदान-उपचाराच्या) केंद्रात पाठवतं, तिथे कान, डोळे आणि वाढ यांची तपासणी होते. पथकाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊनही जाता येतं.

सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, जन्माच्या वेळचं वजन आणि किती आठवड्यांत जन्म झाला ती नोंद, आणि मोबाईलवर काढलेल्या दोन छोट्या चित्रफिती न्या: एक बाळाशी बोलताना, एक मागून नावाने हाक मारताना. दवाखान्यात बाळ झोपलेलं किंवा रडत असतं, आणि डॉक्टरांना पाहायचं असतं ते घरचं वागणं.